मनालीच्या नावावरचे चाळीस दिवस

राहनाळच्या गोदामात भूपेश आणि मनालीच्या प्रेमाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती तीन मिनिटं दहा सेकंदांची आहे. मुंबईच्या ऑफिसातून क्षितिजा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली, दोन दिवस राहिली, गोष्ट बनवून गेली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती कॅन्टीनच्या टीव्हीवर दाखवली आणि कंपनीने फोनवरही सगळ्यांना बघायला टाकली.

गोष्टीत असं आहे. मनाली वीस वर्षांची, अकलोलीजवळच्या गावातून आलेली, गोदामात नवी. भूपेश बावीसचा, मालाच्या थप्प्या ओढून नेणारा. सी रांगेत तिच्या हातून शाम्पूच्या बाटल्या पडतात, तो वेचून देतो. मग तो खोक्यांवर मार्करने हसरे चेहरे काढतो. मग आत्या येते. करिष्मा नावाच्या कामगार पोरीला साडी खोचून, कपाळाला बंद्या रुपयाएवढं कुंकू लावून आत्या केलं आहे. ती कमरेवर हात ठेवून ओरडते, "मोबाईल दे इकडं!" मागे ढोल वाजतो. शेवटी मनाली कॅमेऱ्यात बघून बोलते, "घरच्यांचा खूप विरोध होता. पण प्रेमाने ताकद दिली. माझा आकडा अठ्ठेचाळीसवरून शहाण्णववर गेला." मग ती लीडरचं हिरवं जॅकेट घालते आणि भूपेश टाळ्या वाजवतो.

कॅन्टीन हसलं. टाळ्याही पडल्या.

खरी आत्या मागच्या बाकावर बसली होती. ललिता किशन शेलार, वय चव्वेचाळीस. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. गोष्ट दुसऱ्यांदा लावली तेव्हा तिने कान देऊन ऐकलं, कारण पहिल्या वेळी तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल. दुसऱ्या वेळीही शहाण्णवच होते.

त्या शहाण्णवातले सहासष्ट तिचे होते.

लग्न होऊन ललिता भिवंडीत आली तेव्हा अठराची होती. नवरा किशन कापडाच्या लूमवर होता, आजही आहे. धामणकर नाक्याच्या मागे त्यांची एक खोली. ललिताने पंधरा वर्षं लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. दिवसभर चाळीस लूम एकदम धडधडतात तिथे बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. किशनचे कान अर्धे गेले, ललिताचा आवाज चढला तो चढलाच. ती "चहा घेणार का?" असं विचारते तेव्हाही समोरच्याला वाटतं, बाई भांडायला आली. लूम बंद पडत गेले तशी ती राहनाळच्या गोदामात आली. त्याला अकरा वर्षं झाली.

गोदामातलं काम सांगायला सोपं आहे. हातात एक स्कॅनर असतो, त्याला सगळे गन म्हणतात. गनवर रांग, कप्पा आणि वस्तू दिसते. तिथे चालत जायचं, वस्तू काढायची, गन मारायची, क्रेटमध्ये ठेवायची. लगेच पुढची वस्तू दिसते. तासाला नव्वद नग उचलले तर काम ठीक. सांगायला सोपं, पण करायला नाही. दिवसाला चौदा-पंधरा किलोमीटर चालणं होतं. नवी पोरगी आधी गन बघते, मग रांग शोधते, मग कप्पा शोधते. ललिता गन बघते तेव्हा पाय वळलेले असतात. जड वस्तू क्रेटच्या तळाशी, काचेची मध्ये, क्रेट डाव्या कमरेवर, उजवा हात मोकळा. शिडीवर एकदा चढली की वरच्या फळीवरचं सगळं बघून घेते. तासाला एकशे पाच हा तिचा नेहमीचा आकडा. सुपरवायझर जीवन सहा वर्षांपूर्वी साधा कामगार म्हणून आला, त्याला क्रेट कमरेवर कशी घ्यायची ते तिनेच दाखवलं.

मनाली तिच्या भावाची मुलगी. बारावीनंतर घरी बसली होती. भाऊ राघो म्हणाला, "ताई, तुझ्यासोबत घेऊन जा. तुझ्या नजरेखाली राहील." ललिताने गेटवर शब्द टाकला. पोरगी खोलीत राहायला आली, पोटमाळ्यावर झोपायला लागली आणि सकाळी आत्याबरोबर शेअर रिक्षाने राहनाळला जायला लागली.

भूपेश कसा भेटला ते गोष्टीत आहे आणि तेवढं खरं आहे. शाम्पूच्या बाटल्या खरंच पडल्या होत्या. पण त्या बाटल्या क्रेटच्या टोकाला उभ्या रचल्या म्हणून पडल्या, हे गोष्टीत नाही. ललिताने तीनदा सांगितलं होतं, आडव्या ठेव.

प्रेमाला ललिताचा विरोध नव्हता. पोरगा राबणारा होता, दारू पीत नव्हता. ललिता त्याला सरळच म्हणाली होती, "बोला, भेटा, लग्न करा. पण शिफ्ट सुटल्यावर. शिफ्टमध्ये हात चालला पाहिजे." राघोला भूपेश नको होता, त्याला जमीन नव्हती म्हणून. रविवारी गावी जाऊन दोन तास भावाशी हुज्जत घालून त्याला कबूल कोणी केलं? ललितानेच. मोबाईल तिने एकदाच काढून घेतला. मनाली शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून मेसेज लिहीत होती तेव्हा.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गोदामात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या चाळीस दिवसांत मनाली दिवसातून दोनदा, तीनदा, चारदा गायब व्हायची. जी रांगेच्या मागे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, तिथे दोघं बसायची. जाताना मनाली गन फळीवर ठेवून जायची. प्रत्येकीच्या गनमध्ये सकाळी आपापला आयडी टाकलेला असतो. गन दहा मिनिटं गप्प राहिली की जीवनच्या स्क्रीनवर त्या नावापुढे लाल पट्टी येते. नव्या पोरीला तीन लाल पट्ट्या म्हणजे घरी. घरी म्हणजे गावी, आणि गावी म्हणजे राघोने बघून ठेवलेला शहापूरचा जमीनवाला मुलगा.

पहिल्यांदा ललिताने फळीवरची गन उचलली ती फक्त लाल पट्टी येऊ नये म्हणून. दोन नग मारले आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी वीस मारले. आठवड्याभरात तिच्या हातात स्वतःची गन आणि कमरेला मनालीची गन असं सुरू झालं. नव्या पोरीचा आकडा नव्वदच्या खाली आला तर रोज विचारणा व्हायची. जुन्या बायकांना कोणी विचारत नव्हतं. म्हणून ती मनालीचा आकडा आधी भरायची आणि उरलेल्या दमात स्वतःचा. दिवसभरात ती तासाला एकशे वीस उचलत होती. अकरा वर्षांत एवढं तिने कधी उचललं नव्हतं. त्यातले सहासष्ट मनालीच्या नावावर, चोपन्न स्वतःच्या. मनालीचे स्वतःचे तीस असायचे. रात्री ललिताच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि किशन तेल चोळून द्यायचा.

किशन ओरडून विचारायचा, "दोघींचं एकटी का करतेस?"

"सावड हाय ती!" ललिता ओरडून सांगायची.

गावी लावणीला सावड असते. आज सगळे हात तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कोणाचं शेत मोठं, कोणाचं लहान, हे कोणी मोजत नाही. हाताची फेड हाताने होते, आणि ज्याने फेडली नाही त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी जात नाही. ललिताला वाटलं, दिवाळी होऊ दे, मग ही माझी गन घेऊन चार दिवस चालेल, माझ्या पायांना विसावा. तिची चूक ती एवढीच. शेताला माहीत असतं कोणी लावलं. गनला फक्त आयडी माहीत असतो.

दिवाळी झाली. मनाली हंगामाची पहिली आली. तिला पितळी ढाल मिळाली, हिरवं जॅकेट मिळालं, कॅमेरा आला. आणि गोष्ट दाखवल्यावर तीन दिवसांनी, सोमवारी, कमी करायच्या बायकांची यादी आली. हंगाम संपला की साठातल्या पस्तीस ठेवतात, हे दरवर्षीचं. पण या वर्षी मुंबईने कळवलं होतं, जुनी-नवी बघायचं नाही, फक्त हंगामाचा आकडा बघायचा.

सकाळच्या मीटिंगला यादी वाचायचं काम लीडरचं. मनाली वाचत होती. अठरा नावं झाली. मग ती थांबली, घसा साफ केला आणि कागदातून डोकं वर न काढता वाचलं, "ललिता किशन शेलार."

ललिताने तिला पाण्याच्या मशीनपाशी गाठलं.

"यादी कोणी केली?"

"मी नाय केली, आत्या. सिस्टीमने केली. मी फक्त वाचली."

"वाचताना जीभ अडखळली न्हाय तुझी?"

"हळू बोल ना. सगळे ऐकतायत."

"ऐकू दे. चाळीस दिवस तुझी गन कोणाच्या कमरेला होती?"

मनालीने बाटली अर्धी भरली आणि झाकण लावलं. "मी तुला बोलले होते का, उचल म्हणून? तूच घ्यायचीस."

हे खरं होतं. खरं होतं म्हणून ते जास्त झोंबलं.

"बरं. मी घेतली. आणि प्रेमाने ताकद दिली म्हणालीस ते?"

"क्षितिजा मॅडम म्हणाल्या, असं बोल. छान वाटतं."

"कोणाला छान वाटतं?"

"सगळ्यांना वाटलं! चाळीस हजार लोकांनी बघितलं, आत्या. तू एकटीच तोंड पाडून बसलीस." मग ती जवळ आली आणि खालच्या आवाजात बोलली, "हे बघ, सरांना सांगितलंस तर दोघी जाऊ. दुसरीचा आयडी वापरला तर दोघींना काढतात. माझं लग्न महिन्यावर आलंय. तुझं काय, काकांची ड्युटी आहे ना. तू बस आता घरी आरामात."

ललिताच्या डोक्यात तिडीक गेली ती या वाक्याने. यादीचा राग होता, गोष्टीचा राग होता, करिष्माच्या कुंकवाचासुद्धा होता. पण हे वेगळं होतं. या पोरीच्या लेखी तिचं अकरा वर्षांचं काम म्हणजे वेळ घालवणं. म्हणजे ते कोणाच्याही नावावर गेलं तरी चालतं.

"आराम," ललिता म्हणाली. "बरं." आणि ती सरळ जीवनच्या टेबलाशी गेली.

जीवन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "ललिताताई, मला पण वाईट वाटतंय. पण चोपन्न? तुमचा एकशे पाच असायचा. वय होतं माणसाचं."

"वयाचं नंतर बघू. उद्या दोन बायका सुट्टीवर हायेत आणि तीन गाड्या माल येतोय. खरं ना?"

"खरं."

"मग मनालीला एक दिवस जॅकेट काढून नग उचलायला उभी करा. तिची गन तिच्या हातात, माझी माझ्या. मी काय सांगत न्हाय, काय मागत न्हाय. संध्याकाळी आकडा बघा."

जीवन हसला. "त्यात काय? शहाण्णववाली आहे, माझा फायदाच आहे."

मंगळवारी आठला शिफ्ट सुरू झाली. ललिताने बुटाची नाडी दोनदा बांधली आणि गनमध्ये स्वतःचा आयडी टाकला. त्या चाळीस दिवसांसारखी तिच्या कमरेला दुसरी गन नव्हती. कंबर हलकी लागत होती. ती चालायला लागली. ए रांग, सातवा कप्पा, साबण. ए रांग, नववा, टूथपेस्ट. मग बी. ती धावत नव्हती. धावणारी बाई अकरा वाजेपर्यंतच टिकते. ती एका चालीने चालत होती आणि कुठेही थांबत नव्हती.

मनालीने पहिला तास जोरात मारला. पंच्याहत्तर झाले. दुसऱ्या तासाला ती चुकीच्या रांगेत शिरली आणि परत फिरली. क्रेट दोन्ही हातांत पोटाशी धरली होती, त्यामुळे प्रत्येक नगाला क्रेट खाली ठेवायची, गन मारायची, क्रेट उचलायची. ललिताला ते रांगेच्या फटीतून दिसत होतं. चाळीस दिवसांत तिने पोरीला लाल पट्टीपासून वाचवलं, पण क्रेट कमरेवर घ्यायला लावली नाही. तो राग तिचा स्वतःवर होता आणि तो तिने पायांत घातला.

दहा वाजता भूपेश एफ रांगेतून चार नग हातात घेऊन मनालीकडे निघाला.

"ए!" ललिताचा लूमचा आवाज चार रांगा ओलांडून गेला. "ठेव ते जागेवर! गन तिची हाय, पाय पण तिचेच पाहिजेत!"

"आत्या, जाऊ द्या ना. एवढं काय?"

"एवढं काय ते मला सांगू नकोस. तुझ्या थप्प्या मी ओढायला येते का?"

ट्रकवरचा लोडर दारातून ओरडला, "अरे भाई, आज मौसी ने कर्फ्यू लगा दिया!" बायका फिदीफिदी हसल्या. भूपेशने नग परत ठेवले. त्याचे कान लाल झाले होते.

साडेबाराला जीवनने स्क्रीन बघितली. मग उठून जवळ जाऊन बघितली. ललिता शेलार, तासाला एकशे बारा. मनालीच्या नावापुढे एक्कावन्न.

तो मनालीपाशी आला. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती, एक बूट काढलेला, टाचेला फोड. बाकीच्या बायका जेवायला निघता निघता थांबल्या.

"काय झालं? तब्येत बरी नाही?"

त्याने तिला सुटायची वाट आयती दिली होती. ललिता दोन रांगा सोडून क्रेट घेऊन उभी होती.  पोरगी हो म्हणाली असती तर काय केलं असतं, हे तिचं ठरलेलं नव्हतं.

मनालीने टाच चोळली. "तब्येत बरी आहे, सर. माझा एवढाच आहे."

"मग शहाण्णव?"

"ते आत्याचे."

जीवनने दोघींना काचेच्या केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. तो आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बसला. मनालीचं नाव मुंबईला त्यानेच पाठवलं होतं.

"हे मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "नियमाने दोघींना काढावं लागतं."

"काढा," ललिता म्हणाली. "पण का काढलं ते लिहा. कोणी उचललं ते लिहा."

"तसं लिहिलं तर माझी पण नोकरी जाईल. बसा, ताई. असं करतो, तुमचं नाव यादीतून काढतो. तुमच्यासारखा हात मला सोडायचा नाही. मनालीचं जॅकेट राहू दे, महिन्याने बघू. झालं?"

"पस्तीसच ठेवणार ना?"

"पस्तीसच."

"मग मी राहिले तर कोण जाणार?"

जीवनने स्क्रीन फिरवली. पस्तिसावं नाव करिष्माचं होतं. आकडा एक्क्याण्णव.

मनालीने ते वाचलं आणि हळूच सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास ललिताने ऐकला.

"ती न्हाय जाणार," ललिता म्हणाली.

"ताई, तिनेच तर तुमची नक्कल केली. सगळं गोदाम हसलं."

"हसू दे. एक्क्याण्णव तिने स्वतः उचललेत. मी बघते रोज." तिने मनालीकडे बोट केलं. "हिचं नाव टाका."

"आत्या!"

"ललिताताई, भाची आहे तुमची. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं."

"मला ठाऊक हाय कधी हाय ते. लग्न ठरवलं मीच. पण जिने उचललं न्हाय तिने बसायचं आणि जिने उचललं तिने घरी जायचं, हे माझ्या डोळ्यांदेखत होणार न्हाय. भाची असली म्हणून होणार न्हाय आणि परकी असती तरी झालं नसतं."

मनाली रडायला लागली. ललिताने तिला रडू दिलं. जीवनने बराच वेळ पेन उघड-बंद केलं. मग एका कागदावर मनालीकडून लिहून घेतलं, लग्न असल्यामुळे काम स्वतःहून सोडत आहे. दुसरा कागद त्याने ललितापुढे सरकवला.

"तुमचा हंगामाचा आकडा चोपन्नच दिसणार. सिस्टीममध्ये मागचं बदलत नाही. ठेवायचं तर कारण लिहावं लागतं. मी 'आजारी होती' लिहिलंय. सही करा."

ललिताने कागद वाचला. ती सातवीपर्यंत शिकलेली. आयुष्यात सर्वांत जास्त काम तिने ज्या चाळीस दिवसांत केलं, त्या चाळीस दिवसांत ती आजारी होती, असं तिथे लिहिलं होतं.

"मी आजारी नव्हते."

"ताई, हे कोणी वाचत नाही. फाईलला लागतं फक्त."

"वाचत न्हायत तर खरं लिहायला काय होतंय?"

तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं. "आजारी होती" यावर आडवी रेघ मारली. खाली मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं, "काम केले. दुसऱ्या नावावर गेले." आणि सही केली. जीवन कागदाकडे बघत राहिला. मग त्याने तो तसाच फाईलला लावला. मुंबईत तो कोणी वाचला की नाही, ते आजपर्यंत कळलेलं नाही. शुक्रवारी शेवटची यादी आली, तीत ललिताचं नाव नव्हतं, मनालीचं होतं.

मनाली त्याच मंगळवारी संध्याकाळी पोटमाळ्यावरची पिशवी घेऊन गावी गेली. रिक्षा स्टँडवर ती एवढंच म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

"झालं," ललिता म्हणाली. ते पूर्ण खरं नव्हतं. गोष्ट अजून फोनवर होती आणि बघणारे वाढत होते.

रात्री राघोचा फोन आला. तो काही बोलायच्या आत वहिनीने, ठमाबाईने फोन घेतला. "वन्सं, सख्ख्या भाचीच्या पोटावर पाय दिलास गं! तुझं काळीज हाय का धोंडा?"

"तिला विचार काय झालं ते."

"ती नुसती रडते. सांगत काहीच न्हाय."

"मग सांगेपर्यंत थांब," ललिता म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्गशीर्षात लग्न लागलं. हळदीच्या दिवशी दुपारी ललिता आणि किशन गावी पोहोचले. मांडवात गर्दी होती. ठमाबाई तिच्याशी नीट बोलली नाही, पण काम सांगायला बोलणं लागत नाही. या घरात आजवर बारसं, साखरपुडा, तेरावं, काहीही असलं तरी ललिता पदर खोचूनच दारातून आत यायची. तांदूळ ती निवडायची, मसाला ती वाटायची, शेवटची पंगत उठल्यावर भांडी ती घासायची आणि उरलेलं ती खायची.

या वेळी तिने मांडवातली एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, सावलीत ठेवली आणि बसली.

"वन्सं, हळद दळायला चल, बाया खोळंबल्यात."

"बसलेय मी."

"अगं, तांदूळ धुवायचे हायेत, दीडशे माणूस हाय!"

"असू दे."

ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे? आत्या असून तू काय करणार आज?"

"जेवणार," ललिता म्हणाली. तिचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. किशनलासुद्धा.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. राघो उठून यायला लागला. तेवढ्यात पाटावर बसलेली मनाली, गालाला, हाताला हळद लागलेली, तिथूनच म्हणाली, "आई, आत्याला काम सांगू नको."

"का गं? तिला काय झालंय?"

"काय नाय झालं. चाळीस दिवस माझं काम तिने केलंय. गोदामात. माझ्या नावावर. शहाण्णव-बिण्णव काही नव्हते माझे. तिचे होते." ती हे भराभर बोलली, एका दमात, खाली बघून. भूपेशकडची दोन माणसं हळद घेऊन आली होती, तीही ऐकत होती. "म्हणून तिला बसू दे."

 राघो आलेला तसाच मागे फिरला. ठमाबाईने ललिताकडे बघितलं, मनालीकडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत तांदळाचं घमेलं स्वतः उचललं. घमेलं जड होतं. ते तिने पोटाशी धरलं होतं, दोन्ही हातांनी. कसं धरायचं, हे ललिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते सांगितलं नाही.

पहिली पंगत बसली तेव्हा ललिता पहिल्या ओळीत बसली. भात, वालाचं बिरडं, पापड. तिने दोनदा बिरडं मागून घेतलं आणि वाढायला आलेल्या वहिनीला सांगितलं, "पाणी पण आण."